वादात सापडलेली जुनी अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक कागदावर कशी सोडवावी: १८०० आणि १८२४

अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातली अध्यक्षीय निवडणूक समजून घ्यायची असेल, तर आधी आजचा लाल-निळा नकाशा बाजूला ठेवा आणि आज जिंकायला लागणारा २७० मतांचा आकडा विसरा. चौकटीची मोठी वही, दोन रंगांच्या पेन्सिली आणि अमेरिकी संविधानाच्या दुसऱ्या कलमाचा पहिला भाग, एवढं सामान पुरतं. मी साताऱ्यात राज्यशास्त्र शिकवते आणि हा विषय तक्ता आखूनच शिकवते. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना 'छत्तीस फेऱ्या', 'बारावी दुरुस्ती', 'भ्रष्ट सौदा' हे शब्द पाठ असतात. पण १८०० च्या निवडणुकीत १३८ निर्वाचकांपैकी (म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याराज्यांतून नेमलेल्या माणसांपैकी) ७३ जणांची मतं मिळूनही टॉमस जेफरसन लगेच अध्यक्ष का झाले नाहीत, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. ७३ म्हणजे निम्म्याहून जास्त. मग अडलं कुठे?

हे शोधायची माझी रीत साधी आहे. मत कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं, ते बघायचं. त्या काळी अध्यक्षाचं मत चार हातांतून जात असे. निर्वाचक कोण नेमतं, हा पहिला हात. निर्वाचक कागदावर काय लिहितो, हा दुसरा. सीलबंद लिफाफा कोण उघडतं, हा तिसरा. आणि बहुमत झालं नाही किंवा बरोबरी झाली तर निकाल कोण लावतं, हा चौथा. प्रत्येक निवडणुकीत वाद या चारांपैकी कुठल्या ना कुठल्या हातात सापडतो. तो सापडला की पुढाऱ्यांचे डावपेच आपोआप कळू लागतात. उलट बाजूने, म्हणजे पुढाऱ्यांच्या स्वभावापासून सुरुवात केली, तर हॅमिल्टन आणि बर या दोन पुढाऱ्यांच्या वैराची गोष्ट तेवढी लक्षात राहते आणि निवडणूक हाती लागत नाही.

तक्ता आखण्याआधी

प्रत्येक राज्याला जितके सिनेटर आणि प्रतिनिधिगृहाचे (संसदेच्या खालच्या सभागृहाचे) सदस्य, तितके निर्वाचक. सिनेटर कुठल्याही राज्याचे दोनच. प्रतिनिधींची संख्या लोकसंख्येवर ठरायची, आणि त्या लोकसंख्येत गुलाम माणसांचे पाचातले तीन भाग धरले जायचे. हे वाचून पुढे जाऊ नका. व्हर्जिनियाच्या ओळीत २१ लिहिताना थांबा. ज्यांना मत नव्हतं, नागरिकत्व नव्हतं, स्वतःच्या देहावर हक्क नव्हता, त्यांची डोकी मोजून त्यांच्या मालकांच्या राज्याला जास्त निर्वाचक मिळत होते. ही भर वजा केली तर १८०० मध्ये तेव्हाचे अध्यक्ष जॉन ॲडम्स पुढे राहिले असते, असा हिशेब अनेक इतिहासकारांनी मांडला आहे. दक्षिणेतल्या गुलामगिरीच्या राज्यांच्या आकड्यांखाली लाल रेघ ओढायला मी मुलांना सांगते. पुढे कितीही चुरस दिसली तरी ती रेघ नजरेआड होत नाही.

आपल्याकडच्या वाचकाचा इथे एक गोंधळ होतो, तो आधीच मिटवू. भारताच्या राष्ट्रपतीलाही निर्वाचक मंडळच निवडतं, पण त्यात निवडून आलेले खासदार आणि आमदार स्वतः मत देतात. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ असतं आणि मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा असतो. अमेरिकेत नेमकं उलट आहे. सिनेटर, प्रतिनिधिगृहाचा सदस्य किंवा केंद्र सरकारचा अधिकारी यांना निर्वाचक होताच येत नाही. हे निर्वाचक कधी एका सभागृहात एकत्र बसत नाहीत. ज्याच्या त्याच्या राज्यात, एकाच दिवशी जमतात, मत लिहितात आणि घरी जातात.

मूळ संविधानातला सगळ्यात महत्त्वाचा नियम दुसऱ्या हाताचा आहे. प्रत्येक निर्वाचकाने दोन नावं लिहायची, त्यातलं निदान एक दुसऱ्या राज्यातल्या माणसाचं. दोन्ही मतं अध्यक्षपदाचीच. 'हे अध्यक्षासाठी, ते उपाध्यक्षासाठी' असं लिहायची सोय नव्हती. ज्याला सर्वाधिक मतं आणि नेमलेल्या निर्वाचकांचं बहुमत, तो अध्यक्ष. उरलेल्यांत सर्वांत पुढे असेल तो उपाध्यक्ष.

यातून पडताळ्याची एक युक्ती मिळते. १८०० पर्यंतच्या निवडणुकीत सगळ्या उमेदवारांच्या मतांची बेरीज निर्वाचकांच्या संख्येच्या दुप्पट यायला हवी. १८०० चे आकडे घ्या: जेफरसन ७३, ॲरन बर ७३, जॉन ॲडम्स ६५, चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी ६४, जॉन जे १. बेरीज २७६. निर्वाचक १३८. जुळलं. पण बहुमत २७६ च्या निम्म्याहून नव्हे, १३८ च्या निम्म्याहून मोजायचं, म्हणजे ७०. त्यामुळे एकाच वेळी दोघांना बहुमत मिळू शकतं. हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्यात आहे.

हात बसावा म्हणून १७८९ आणि १७९६

१७८९ ची निवडणूक बिनविरोध म्हणून लोक सोडून देतात. सरावाला मात्र ती छान आहे. तेरापैकी दहाच राज्यांची ओळ भरायची. नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड यांनी तोवर संविधानाला मान्यता दिली नव्हती. न्यूयॉर्कमध्ये विधिमंडळाच्या दोन सभागृहांचं निर्वाचक कसे नेमायचे यावर एकमत झालं नाही, म्हणून त्या राज्याने निर्वाचकच पाठवले नाहीत. पहिल्याच निवडणुकीत पहिला हात अडकला होता, हे नोंदवा. ६९ निर्वाचकांनी प्रत्येकी एक मत जॉर्ज वॉशिंग्टन यांना दिलं. दुसऱ्या मतांपैकी ३४ ॲडम्स यांना मिळाली. ॲडम्स वॉशिंग्टन यांच्या बरोबरीला येऊ नयेत म्हणून अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी काही निर्वाचकांची दुसरी मतं आधीच इतरत्र वळवली होती. म्हणजे बरोबरीचा धोका पहिल्या दिवसापासून माहीत होता.

१७९६ मध्ये ॲडम्स ७१, जेफरसन ६८, टॉमस पिंकनी ५९, बर ३०, बाकीची मतं आणखी नऊ जणांत विखुरलेली. पिंकनी हे ॲडम्स यांच्याच फेडरलिस्ट पक्षाचे. मग ५९ वरच का राहिले? न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांमधल्या, काही फेडरलिस्ट निर्वाचकांना भीती होती की सगळ्यांनी दोघांना मत दिलं आणि दक्षिणेतून पिंकनींना चार मतं जास्त आली, तर उपाध्यक्षपदासाठी उभा केलेला माणूस अध्यक्ष होईल. त्यांनी पिंकनींचं नाव गाळलं, आणि त्यामुळे विरोधी पक्षाचे जेफरसन उपाध्यक्ष झाले. लिफाफे उघडायचं काम उपाध्यक्षाचं, त्यामुळे स्वतःच्या विजयाचे लिफाफे ॲडम्स यांनी स्वतः उघडले. व्हरमाँटच्या मतांच्या वैधतेबद्दल तेव्हा कुजबुज होती. जेफरसन यांनी ती धरून वाद घालायचा नाही असं ठरवलं. तिसऱ्या हाताच्या रकान्यात हे लिहून ठेवा, चार वर्षांनी लागेल.

१८००: सावकाश सोडवा

आता सोळा ओळींचा तक्ता. ॲडम्स यांच्या बाजूला न्यू हॅम्पशायर ६, व्हरमाँट ४, मॅसॅच्युसेट्स १६, ऱ्होड आयलंड ४, कनेक्टिकट ९, न्यू जर्सी ७, डेलावेअर ३. जेफरसन यांच्या बाजूला न्यूयॉर्क १२, व्हर्जिनिया २१, केंटकी ४, टेनेसी ३, साउथ कॅरोलायना ८, जॉर्जिया ४. तीन राज्यं फुटलेली: पेनसिल्व्हेनिया ८ जेफरसन आणि ७ ॲडम्स, मेरीलँड ५-५, नॉर्थ कॅरोलायना ८-४. बेरीज करा, ७३ आणि ६५ येईल. दुसऱ्याचा आयता तक्ता उतरवून घेऊ नका. बेरीज चुकते तेव्हाच कुठलं राज्य फुटलं होतं ते आठवतं.

मग पहिला हात. सोळांपैकी दहा राज्यांत निर्वाचक विधिमंडळाने नेमले. ऱ्होड आयलंड, व्हर्जिनिया, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना आणि केंटकी या पाच राज्यांत मतदारांनी निवडले, आणि टेनेसीची स्वतःची वेगळीच पद्धत होती. म्हणून १८०० साठी 'जनतेची एकूण मतं' असा आकडा कुठे दिसला तर त्यावर काही उभारू नका.

पहिल्या हाताची खरी लढाई न्यूयॉर्कला झाली, तीही डिसेंबरात नव्हे, वसंत ऋतूत, राज्याच्या विधिमंडळाच्या निवडणुकीत. बर यांनी न्यूयॉर्क शहरात घरोघरी फिरून, नामवंत उमेदवार उभे करून, शहराच्या सगळ्या जागा जिंकल्या. विधिमंडळ जेफरसन आणि बर यांच्या रिपब्लिकन पक्षाकडे (आजचा रिपब्लिकन पक्ष नव्हे) गेलं आणि बारा मतं त्याच दिवशी जवळजवळ ठरली. हॅमिल्टन यांनी गव्हर्नर जॉन जे यांना पत्र लिहिलं: जुनं विधिमंडळ अजून बसतंय तोवर अधिवेशन बोलवा आणि निर्वाचक मतदारसंघांतून निवडण्याचा कायदा करून घ्या. जॉन जे हे हॅमिल्टन यांच्याच, म्हणजे फेडरलिस्ट, पक्षाचे. त्यांनी पत्राला उत्तर दिलं नाही. पत्रावरच नोंद केली की हा उपाय पक्षाच्या फायद्याचा आहे आणि मला तो शोभणार नाही. ही नोंद मी दर वेळी वाचून दाखवते. बारा मतं फिरली असती, तर सगळं फिरलं असतं. वजाबाकी करून बघा.

नियम बदलायची ही युक्ती एकट्या हॅमिल्टन यांची नव्हती. जेफरसन यांच्या व्हर्जिनियाने आधीच मतदारसंघांची पद्धत सोडून सगळे निर्वाचक एकत्र निवडायची पद्धत आणली होती, कारण १७९६ मध्ये तिथलं एक मत ॲडम्स यांना गेलं होतं. मॅसॅच्युसेट्सने निवड विधिमंडळाकडे ओढून घेतली. पेनसिल्व्हेनियात जनता स्पष्टपणे रिपब्लिकनांकडे होती, पण राज्याच्या सिनेटवर फेडरलिस्टांचा ताबा होता. ओढाताण करून आठ-सात असा तोडगा निघाला. या चारही राज्यांसमोर 'नियम कुणी बदलला किंवा अडवला' असा बारीक रकाना काढा. दोन्ही पक्षांची नावं त्यात येतील, आणि ती आलीच पाहिजेत.

दुसऱ्या हातात चूक घडली. फेडरलिस्टांनी काळजी घेतली होती. ऱ्होड आयलंडमधल्या एका निर्वाचकाने पिंकनीऐवजी जॉन जे यांचं नाव लिहिलं, म्हणून ६५ आणि ६४. रिपब्लिकनांतही कुणीतरी बर यांचं एक मत गाळायचं होतं. प्रत्येक राज्याला वाटलं दुसरं राज्य गाळेल. शिवाय एकाने जास्त गाळलं तर ॲडम्स मध्ये घुसतील ही भीती. शेवटी त्र्याहत्तरच्या त्र्याहत्तर जणांनी दोन्ही नावं लिहिली. बर यांना बहुमत, जेफरसन यांना बहुमत, दोघं बरोबरीत.

तिसरा हात ११ फेब्रुवारी १८०१ ला लिफाफे उघडतो, आणि तो हात उपाध्यक्ष जेफरसन यांचा आहे. जॉर्जियाचा कागद नियमात सांगितल्याप्रमाणे प्रमाणित केलेला नव्हता. जेफरसन यांनी ती चार मतं मोजली. इथे थांबून गणित करा. जॉर्जिया वगळली तर दोघांकडे प्रत्येकी ६९. नेमलेले निर्वाचक १३८ च धरले तर ७० लागतात, म्हणजे कुणालाच बहुमत नाही. अशा वेळी संविधानाप्रमाणे प्रतिनिधिगृहाला पहिल्या पाचांतून निवड करता आली असती. ॲडम्स आणि पिंकनी पुन्हा मैदानात. जॉर्जियाने कुणाला मत दिलं याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती, म्हणून मोजणं न्याय्य होतं असं मी मानते. पण ज्याचं पद त्या कागदावर ठरणार त्यानेच तो कागद तपासावा, ही रचना वाईटच.

चौथा हात. इथे मी वर्गात सोळा बाकं मांडते. प्रतिनिधिगृहात अध्यक्ष निवडताना प्रत्येक राज्याला एकच मत. त्या राज्याचे सदस्य आधी आपसात मतदान करतात. बहुमत ज्याच्या बाजूने, ते राज्याचं मत. समसमान फुटले तर चिठ्ठीवर 'विभागलेले'. जिंकायला सगळ्या राज्यांचं बहुमत, सोळांपैकी नऊ. व्हर्जिनियाच्या बाकावर एकोणीस नावांच्या चिठ्ठ्या असतात, डेलावेअरच्या बाकावर एकच मुलगी. 'मॅडम, मी एकटी आणि अख्ख्या व्हर्जिनियाइतकी?' असं तिने विचारलं की नियम सगळ्या वर्गाला कळतो.

पहिल्या फेरीत जेफरसन यांच्याकडे आठ राज्यं: न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया, केंटकी, टेनेसी. बर यांच्याकडे सहा: न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, कनेक्टिकट, डेलावेअर, साउथ कॅरोलायना. व्हरमाँट आणि मेरीलँड विभागलेले. मुलं लगेच विचारतात की न्यू जर्सीने ॲडम्सना मत दिलं होतं, ते इकडे कसं? आणि साउथ कॅरोलायना तिकडे कशी? कारण हे सदस्य निर्वाचक नव्हेत. हे आधीच्या निवडणुकीत निवडून आलेलं, मुदत संपत आलेलं सभागृह आहे. हात बदलला की माणसंही बदलतात. आणि या माणसांत फेडरलिस्ट बरेच होते. त्यांनी जेफरसन नको म्हणून बर यांना धरलं.

निवड होईपर्यंत सभागृह तहकूब करायचं नाही असं ठरलं होतं. छत्तीसपैकी बहुतेक फेऱ्या ११ च्या दुपारपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत झाल्या. मेरीलँडचे जोसेफ निकोल्सन तापाने फणफणलेले, तरी त्यांना बर्फातून कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसदभवनात, आणून शेजारच्या खोलीत बिछान्यावर ठेवलं होतं. तिथून ते प्रत्येक चिठ्ठी भरत राहिले. ते नसते तर मेरीलँड चार-चारवरून बर यांच्याकडे गेलं असतं. बाहेर ४ मार्च, म्हणजे नव्या अध्यक्षाने पद घ्यायचा दिवस, जवळ येत होता. तोवर अध्यक्ष ठरला नाही तर काय, हे संविधानात स्पष्ट नव्हतं. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर मॅकीन आणि व्हर्जिनियाचे गव्हर्नर मन्रो यांनी फेडरलिस्टांनी सत्ता बळकावली तर आपल्या राज्यांचं सैन्य उतरवायची तयारी ठेवली होती.

१७ फेब्रुवारीला छत्तिसाव्या फेरीत कोंडी फुटली. कशी, ते तक्त्यावरच बघा, कारण बहुतेक लिखाणात सगळं श्रेय डेलावेअरचे एकमेव सदस्य जेम्स बेयर्ड यांना किंवा बर यांच्याविरुद्ध त्यांना पत्र लिहिणाऱ्या हॅमिल्टन यांना दिलेलं असतं. बेयर्ड यांनी कोरी चिठ्ठी टाकली. पण सगळ्या राज्यांचं बहुमत लागतं, हजर राज्यांचं नाही. डेलावेअर कोरं राहिलं तरी जेफरसन आठवरच राहिले असते. आठाचे दहा झाले ते व्हरमाँट आणि मेरीलँडमुळे. व्हरमाँटचे फेडरलिस्ट लुइस मॉरिस गैरहजर राहिले, म्हणून दुसरे सदस्य मॅथ्यू लायन यांचं मत राज्याचं मत ठरलं. हे तेच लायन, ज्यांना ॲडम्स यांच्या काळात राजद्रोहाच्या कायद्याखाली तुरुंगात टाकलं होतं आणि जे तुरुंगातूनच पुन्हा निवडून आले होते. मेरीलँडच्या चार फेडरलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या आणि निकोल्सन यांच्यासह उरलेले चौघे पुरेसे ठरले. बेयर्ड यांचं महत्त्व वेगळ्या जागी आहे. आपण माघार घेणार, असं त्यांनी आधी सहकाऱ्यांना सांगितलं, तेव्हा बाकीच्यांचा धीर सुटला. निकाल दहा विरुद्ध चार, आणि दोन कोऱ्या.

बेयर्ड यांनी पुढे शपथेवर सांगितलं की मेरीलँडच्या सॅम्युएल स्मिथ यांच्यामार्फत जेफरसन यांच्याकडून काही आश्वासनं मिळाली होती: सरकारी कर्जाची जबाबदारी, नौदल, काही अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या. जेफरसन यांनी असा सौदा झाल्याचं ठामपणे नाकारलं. दोन्ही म्हणणी शेजारी-शेजारी लिहा आणि कोणतंही खोडू नका. स्मिथ दोघांच्या मध्ये उभे होते, एवढं धरून वाचलं की दोघंही आपल्या परीने खरं बोलत असण्याची शक्यता दिसते.

१८०४ चा बदल

बाराव्या दुरुस्तीने दुसऱ्या आणि चौथ्या हाताचे नियम बदलले. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची मतं वेगळी लिहायची. बहुमत नसेल तर प्रतिनिधिगृह पाचांतून नव्हे, पहिल्या तिघांतून निवडणार. उपाध्यक्ष अडला तर सिनेट पहिल्या दोघांतून. पहिला हात तसाच राहिला आणि तिसराही. तक्त्यात १८०० च्या निवडणुकीनंतर आडवी जाड रेघ मारा. त्याखाली दुपटीचा पडताळा चालणार नाही.

१८२४: चौथा हात पुन्हा

आता चोवीस राज्यं, २६१ निर्वाचक, बहुमत १३१. अँड्र्यू जॅक्सन ९९, जॉन क्विन्सी ॲडम्स (आधीच्या जॉन ॲडम्स यांचे चिरंजीव; इथून पुढे ॲडम्स म्हणजे हेच) ८४, विल्यम क्रॉफर्ड ४१, हेन्री क्ले ३७. बेरीज बरोबर. बहुमत कुणालाच नाही. उपाध्यक्षपदाचा प्रश्न १८२ मतांनी जॉन कॅलहून यांच्या बाजूने लगेच सुटला. वेगळ्या मतांचा फायदा तो इथे.

जॅक्सन यांना जनतेची मतंही सर्वांत जास्त होती, सुमारे दीड लाख. ॲडम्स यांना सव्वा लाखाच्या आत. पण न्यूयॉर्क, साउथ कॅरोलायना, जॉर्जिया, लुइझियाना, व्हरमाँट आणि डेलावेअर या सहा राज्यांत अजून विधिमंडळच निर्वाचक नेमत होतं. 'जनतेने जॅक्सनना निवडलं होतं' हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या उत्तरांत अर्धवट म्हणून खूण करते. ज्या राज्यांत जनतेला विचारलं, तिथे ते पुढे होते.

पहिले तिघेच आत, म्हणून चार मतांनी मागे राहिलेले क्ले बाहेर. पण क्ले प्रतिनिधिगृहाचे सभापती होते आणि तिथे त्यांचं वजन मोठं होतं. क्रॉफर्ड यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. म्हणजे खरी निवड जॅक्सन की ॲडम्स एवढीच. ९ फेब्रुवारी १८२५, पहिलीच फेरी: ॲडम्स १३, जॅक्सन ७, क्रॉफर्ड ४. चोवीसचं बहुमत तेरा. एक राज्य निसटलं असतं तर दुसरी फेरी.

म्हणून तेरा राज्यं एकेक करून तपासा. सहा न्यू इंग्लंडची, ती ॲडम्स यांचं माहेरच. सातवं न्यूयॉर्क, तिथे निर्वाचकांत ॲडम्स पुढे होते. उरली मेरीलँड, ओहायो, केंटकी, इलिनॉय, मिसुरी, लुइझियाना. या सहांपैकी एकाही राज्यात निर्वाचकांची सर्वाधिक मतं ॲडम्स यांना नव्हती. ओहायो, केंटकी आणि मिसुरी क्ले यांची, मेरीलँड, इलिनॉय आणि लुइझियाना इथे जॅक्सन पुढे. इलिनॉय आणि मिसुरीला प्रत्येकी एकच सदस्य, डॅनियल कुक आणि जॉन स्कॉट. दोन माणसं, दोन राज्यं.

केंटकीवर जास्त वेळ द्या. तिथे मतदारांनी क्ले यांना पहिलं आणि जॅक्सन यांना दुसरं स्थान दिलं. ॲडम्स यांच्या नावावर मतंच नोंदलेली नाहीत. राज्याच्या विधिमंडळाने ठराव करून आपल्या सदस्यांना जॅक्सन यांना मत द्यायला सांगितलं. सदस्यांनी आठ विरुद्ध चार असं ॲडम्स यांना मत दिलं. न्यूयॉर्कमध्ये चौतीस सदस्य, ॲडम्स यांना अठरा. एक कमी असता तर सतरा-सतरा आणि राज्य विभागलेलं. तो एक म्हणजे वृद्ध स्टीफन व्हॅन रेन्सेलर. त्यांनी डोकं टेकवून प्रार्थना केली आणि डोळे उघडल्यावर ॲडम्स यांच्या नावाची चिठ्ठी पायाशी पडलेली दिसली, अशी गोष्ट सांगतात. ती गोष्ट म्हणूनच नोंदवा. चिठ्ठी ॲडम्स यांची होती, एवढं तक्त्याला पुरतं.

ॲडम्स यांनी क्ले यांना परराष्ट्रमंत्री केलं आणि जॅक्सन यांच्या गोटातून 'भ्रष्ट सौदा' हा आरोप देशभर गेला. ॲडम्स यांची दैनंदिनी उपलब्ध आहे. ९ जानेवारीच्या संध्याकाळी क्ले येऊन बराच वेळ बोलून गेले, असं तीत आहे. पदाचं वचन दिल्याची नोंद नाही. माझं मत असं: सौदा सिद्ध होत नाही, आणि क्ले यांचे विचार ॲडम्स यांच्याशीच जास्त जुळत होते. पण केंटकीच्या सदस्यांनी आपल्या मतदारांना आणि विधिमंडळाला डावललं, हे सिद्ध करायला कुठली दैनंदिनी लागत नाही. तक्त्यातली एक ओळ पुरते. १८२८ मध्ये जॅक्सन १७८ विरुद्ध ८३ असे जिंकले, त्यामागे या ओळीचा राग होता.

सरावासाठी दोन लहान प्रकरणं

१८२१ च्या मोजणीत मिसुरीला राज्य मानायचं की नाही हे ठरलं नव्हतं. म्हणून निकाल दोन तऱ्हांनी वाचायचं आधीच ठरलं: मिसुरी धरून मन्रो २३१, न धरता २२८. दोन्हीकडून तेच अध्यक्ष, म्हणून प्रकरण टळलं. तिसऱ्या हाताचा प्रश्न मात्र सुटला नाही.

१८३६ ला व्हॅन ब्युरेन १७० मतांनी सहज जिंकले. त्यांचे जोडीदार रिचर्ड जॉन्सन यांना १४७, बहुमताला एक कमी. व्हर्जिनियाच्या तेवीस निर्वाचकांनी व्हॅन ब्युरेन यांना मत दिलं पण जॉन्सन यांना नाकारलं, कारण ज्युलिया चिन या गुलाम स्त्रीबरोबर ते उघडपणे नवरा-बायकोसारखे राहिले होते आणि तिच्यापासून झालेल्या मुलींना त्यांनी आपलं म्हटलं होतं. ज्या राज्याच्या आकड्याखाली आपण लाल रेघ ओढली, तेच हे राज्य. सिनेटने ३३ विरुद्ध १६ मतांनी जॉन्सन यांना उपाध्यक्ष केलं. सिनेटने उपाध्यक्ष निवडण्याची ही एकमेव वेळ.

मूळ कागद कसे वाचावेत

तक्ता भरल्यावरच पत्रं वाचा, आधी नको. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'फाउंडर्स ऑनलाइन' या संग्रहात हॅमिल्टन, जेफरसन, ॲडम्स, मॅडिसन यांची पत्रं फुकट वाचता येतात. शोधताना नावाऐवजी तारीख टाका: मे १८००, डिसेंबर १८००, जानेवारी आणि फेब्रुवारी १८०१. प्रत्येक पत्रासमोर दोन गोष्टी लिहा. लिहिणाऱ्याला त्या दिवशी काय माहीत होतं, आणि तो चारांपैकी कुठल्या हाताला धरू पाहतोय. डिसेंबरच्या सुरुवातीच्या पत्रांत बरोबरी झाल्याचं कुणाला पक्कं माहीत नाही, कारण राज्याराज्यांतून बातमी घोड्यावरून यायची. हे विसरून वाचलं की बर यांचं प्रत्येक वाक्य कटासारखं वाटू लागतं. राज्यनिहाय जुनी मतं हवी असतील तर टफ्ट्स विद्यापीठाचा 'अ न्यू नेशन व्होट्स' हा संग्रह १७८७ ते १८२५ या काळासाठी उघडा.

हे जमलं की १८७६ घ्यायला हरकत नाही. त्या निवडणुकीत हेज १८५ आणि टिल्डन १८४ अशी शेवटची बेरीज आहे आणि वाद सगळा तिसऱ्या हाताचा आहे. त्यासाठी तक्त्यात एक जास्तीचा रकाना आखून ठेवा: फ्लोरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलायना इथून प्रत्येकी एकापेक्षा जास्त प्रमाणपत्रं आली होती. ती सगळी त्या राज्याच्या ओळीत उतरवायची आणि मगच हा वाद मिटवायला नेमलेल्या पंधरा जणांच्या आयोगाचा आठ-सात निकाल वाचायला घ्यायचा.